वृद्ध रुग्णाचा वाटाड्या

समजा, सत्तरी तालुक्यातील एका गावात बहात्तर वर्षांची एक आजी राहते. मुलगा नोकरीनिमित्त आखातात, सून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात. घरात आजी एकटीच. मधुमेह जुना, रक्तदाब त्याहून जुना आणि अलीकडे चार पावले चालली तरी धाप लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर तिला तपासतात आणि शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी लिहून देतात. पहाटेची बस धरून आजी तेथे पोचते. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग, मग बाह्यरुग्ण विभागापुढे रांग. डॉक्टर हृदयाची 'इको' तपासणी सांगतात. तिच्यासाठी तीन आठवड्यांनंतरचा दिवस मिळतो. रक्त उपाशीपोटी द्यायचे असते, आणि आजी तर चहा-पाव घेऊन घरून निघालेली. तेही काम राहते. परतीची बस चुकू नये म्हणून ती लगबगीने निघते, चिठ्ठी घरच्या देव्हाऱ्यामागे खोचून ठेवते, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा जात नाही. दोन महिन्यांनंतर एका रात्री, पाय सुजलेले आणि आडवे होताच श्वास कोंडतो अशा अवस्थेत, तिला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून त्याच रुग्णालयात नेले जाते.

या कल्पित प्रसंगात दोष कोणा एकाचा नाही. गावच्या डॉक्टरांनी योग्य वेळी योग्य सल्ला दिला. रुग्णालयात तज्ज्ञ होते, यंत्र होते, औषधही होते. आजीलाही बरे व्हायचे होते. उणीव होती ती या साऱ्यांना जोडणाऱ्या एका दुव्याची. उपचार अस्तित्वात असणे ही एक गोष्ट आणि तो रुग्णापर्यंत पोचणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर कापण्यासाठी रुग्णाबरोबर चालणारा एक जाणता माणूस नेमावा, या विचारातून जगभर काही उपक्रम उभे राहिले आहेत. इंग्रजीत अशा व्यक्तीला 'पेशंट नेव्हिगेटर' म्हणतात. आपल्या भाषेत त्याला वाटाड्या म्हणणे योग्य होईल.

वृद्धच वाट का चुकतात?

तरुण माणूस आजारी पडतो तेव्हा सामान्यतः एक आजार, एक डॉक्टर आणि एक औषधोपचार एवढाच व्याप असतो. वृद्धापकाळी तसे राहत नाही. वृद्धांच्या आरोग्यासंबंधी २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. साठ वर्षांवरील दर चार व्यक्तींपैकी सुमारे तिघांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे त्यात आढळले. पुष्कळांना असे दोन-तीन आजार एकाच वेळी असतात. डोळ्यांसाठी एक विभाग, हृदयासाठी दुसरा, गुडघ्यांसाठी तिसरा. प्रत्येकाचा वार वेगळा, कागद वेगळा आणि औषधेही वेगळी. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या विषयात निष्णात असतो. परंतु या सर्व सूचना एकत्र ठेवून पाहण्याची जबाबदारी अखेर त्या वृद्धाच्याच माथी येते.

ही जबाबदारी पेलण्याची साधने मात्र वयानुसार क्षीण होत जातात. ऐकू कमी येते, म्हणून पुकारलेले नाव कानी पडत नाही. दृष्टी अधू होते, म्हणून औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षर वाचता येत नाही. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून ओळख पटविणारे यंत्र ठसा नाकारते. यात भिडेची भर पडते. डॉक्टरांचे बोलणे कळले नाही तरी 'पुन्हा सांगा' म्हणण्याचे धैर्य होत नाही. मान डोलवून रुग्ण बाहेर पडतो.

गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण शेकडा ८.६ होते, तर गोव्यात ते ११.२ होते. ज्या राज्यांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते त्यांत केरळनंतर गोव्याचा क्रम लागत होता. त्यातच मुले नोकरीधंद्यासाठी परगावी वा परदेशी गेलेली अनेक घरे येथे आहेत. पूर्वी आजोबांचा हात धरून दवाखान्यात नेणारा नातू घरात असे. आज नातू दूरध्वनीवर चौकशी करतो. मात्र रांगेत उभे राहण्यासाठी तो जवळ नसतो.

हार्लेमचा धडा

रुग्णाला वाटाड्या देण्याची संघटित पद्धत प्रथम अमेरिकेत, न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम या भागात सुरू झाली. हार्लेम ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती. त्या काळी दारिद्र्य आणि बेकारी यांनी ग्रासलेली. डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन हे शल्यविशारद १९६७ साली तेथील सार्वजनिक रुग्णालयात रुजू झाले. स्तनाच्या कर्करोगाने पीडित अनेक स्त्रिया आजार हाताबाहेर गेल्यावरच आपल्याकडे येतात, असे त्यांना वारंवार आढळले. शस्त्रक्रिया कितीही कुशलतेने केली तरी उशिरा आलेला रुग्ण हातून निसटत असे.

त्यांनी आकडे एकत्र केले. १९६४ ते १९८६ या काळात त्या रुग्णालयात उपचार घेतलेल्या स्तनकर्करोगाच्या ६०६ रुग्णांपैकी केवळ शेकडा ६ रुग्ण पहिल्या अवस्थेत आले होते. सुमारे निम्मे रुग्ण अखेरच्या दोन अवस्थांत होते. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण होते शेकडा ३९. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने गरिबांच्या कर्करोगाविषयी देशभर सुनावण्या घेतल्या. त्यांतून हेच चित्र पुढे आले की, गरीब माणूस उपचार शोधताना इतक्या अडथळ्यांना तोंड देतो की पुष्कळदा तो प्रयत्नच सोडून देतो.

१९९० मध्ये डॉ. फ्रीमन यांनी हार्लेममध्ये पहिला वाटाड्या-उपक्रम सुरू केला. त्याची मांडणी साधी होती. तपासणीत संशयास्पद गाठ आढळल्यापासून निश्चित निदान होऊन उपचार पार पडेपर्यंतचा काळ हाच सर्वांत धोक्याचा, असे त्यांनी ओळखले. कारण याच टप्प्यावर रुग्ण वाटेत हरवत होते. म्हणून अशी गाठ आढळताच त्या रुग्णाची एका व्यक्तीशी गाठ घालून दिली जाई. ही व्यक्ती डॉक्टर नसे. ती त्याच समाजातील, तेथील लोकांच्या अडचणी ठाऊक असलेली आणि रुग्णालयाच्या खाणाखुणा शिकवून तयार केलेली असे. रुग्णाला पुढील तपासणीस येण्यात कोणती अडचण आहे, हे विचारणे आणि ती दूर करणे हेच तिचे काम. कोणाला पैशांची चिंता असे, कोणाला कागदपत्रांचे कोडे सुटत नसे, कोणाच्या घरी मुलांना सांभाळायला माणूस नसे, तर कोणाच्या मनात केवळ भीती असे. प्रत्येक अडचणीचे उत्तर वेगळे. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक होते.

परिणाम लवकरच दिसू लागला. ज्यांना वाटाड्या लाभला अशा रुग्णांपैकी शेकडा ८५ हून अधिक जणांनी सांगितलेली बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून करावयाची तपासणी, पूर्ण केली. ज्यांना तो लाभला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ५७ च्या आसपास होते. पुढे १९९५ ते २००० या काळातील ३२५ रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा अगदी आरंभीच्या अवस्थेत आलेल्यांचे प्रमाण शेकडा ४१ वर गेले होते आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७० झाले होते. या सुधारणेचे सारे श्रेय एकट्या वाटाड्याला देणे योग्य नव्हे. विनामूल्य किंवा अल्प खर्चात होणारी तपासणी त्याच्या जोडीला होती. परंतु तपासणीची सोय आणि ती शेवटास नेणारा माणूस या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच चित्र पालटले, हा हार्लेमचा खरा धडा आहे. २००५ साली अमेरिकेने यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि कर्करोगाखेरीज इतर दीर्घकालीन आजारांनाही ही पद्धत लागू करण्याची दिशा दिली.

रुग्णालयातून घरी येताना

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक धोक्याचा टप्पा असतो. तो म्हणजे रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे. रुग्णालयात औषध वेळेवर देणारी परिचारिका असते. घरी आल्यावर डिस्चार्ज कार्डावरील दहा ओळी आणि औषधांची पिशवी एवढेच हाती उरते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी 'मेडिकेअर' ही शासकीय आरोग्य विमा योजना आहे. तिच्या लाभार्थींविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्ण तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाल्याचे आढळले. त्यांतील शस्त्रक्रियेविना उपचार घेऊन गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांनी मधल्या काळात कोणत्याही डॉक्टरांना दाखविल्याची नोंद नव्हती.

असे का घडते? औषधांतील घोटाळा हे त्याचे एक मोठे कारण आहे. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. मधुमेहावरील ग्लिमेपिराइड हे औषध आजी पूर्वीपासून एका नावाने घेत असेल आणि रुग्णालयाने तेच दुसऱ्या नावाने लिहून दिले असेल, तर घरी आल्यावर ती दोन्ही गोळ्या घेते. रक्तातील साखर एकाएकी उतरते; दरदरून घाम, थरथर, बोलण्यात असंबद्धता आणि वेळीच लक्ष न गेल्यास बेशुद्धी. घरच्यांना वाटते, आजार बळावला. वस्तुतः औषध दुप्पट झालेले असते. रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत असेच घडले तर उठताना भोवळ येते, वृद्ध माणूस पडतो आणि मांडीचे हाड मोडते. दोन्ही पाकिटांवरील मूळ औषधाचे नाव शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचले असते, तर हा अनर्थ टळला असता.

यावर उपाय शोधणारे दोन प्रयोग अभ्यासनीय आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रा. मेरी नेलर यांच्या चमूने फिलाडेल्फियात ६५ वर्षांवरील ३६३ रुग्णांवर केलेला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनुभवी परिचारिका रुग्णालयातच रुग्णाची भेट घेत आणि तो घरी गेल्यावर घरी जाऊन त्याची विचारपूस करीत. सहा महिन्यांच्या आसपास पाहिले तेव्हा नेहमीच्या पद्धतीने घरी गेलेल्यांपैकी शेकडा ३७ जण पुन्हा दाखल झाले होते; परिचारिकेची साथ लाभलेल्यांत हे प्रमाण शेकडा २० होते. दुसरा प्रयोग कोलोरॅडोचे डॉ. एरिक कोलमन यांचा. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात ७५० वृद्ध रुग्ण होते. येथे मार्गदर्शक रुग्णालयात एकदा भेटे, घरी एकदा येई आणि पुढे तीनदा दूरध्वनी करी. सर्व मिळून चार आठवड्यांचा हा व्याप. शिकवावयाच्या गोष्टी चारच: आपली औषधे ओळखणे, आपल्या प्रकृतीची नोंदवही आपल्याजवळ ठेवणे, ठरलेल्या दिवशी डॉक्टरांना दाखविणे, आणि धोक्याची लक्षणे कोणती व ती दिसताच कोणाला कळवावयाचे हे जाणणे. तीस दिवसांत पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण एरवी शेकडा ११.९ होते, ते या रुग्णांत ८.३ इतके राहिले. ही कामे मार्गदर्शकाने स्वतः करून न टाकता रुग्णाला व त्याच्या घरच्यांना शिकविली, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

तथापि, प्रत्येक ठिकाणी असेच यश आले असे समजू नये. न्यूजर्सीतील कॅम्डेन शहरात वारंवार दाखल होणाऱ्या, अत्यंत गुंतागुंतीच्या ८०० रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. साथ मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांत पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात सहा महिन्यांनंतर फरक दिसला नाही. दोन्ही गटांत ते शेकडा ६० हून अधिक होते. या रुग्णांपैकी अनेकांपुढे आजाराबरोबरच निवारा, व्यसन आणि एकाकीपणा असे प्रश्न होते. यातून एक महत्त्वाची मर्यादा ध्यानात येते. वाटाड्या असलेली वाट दाखवू शकतो, नसलेली वाट निर्माण करू शकत नाही. जेथे डॉक्टरच नाही, औषधच नाही किंवा डोक्यावर छप्परच नाही, तेथे केवळ सोबतीने काम भागत नाही. म्हणून वाटाड्या हा आरोग्यसेवेला पर्याय नसून पूरक आहे.

भारतातील प्रयत्न

आपल्या देशात या पद्धतीचे लक्षणीय उदाहरण मुंबईत आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण येतात. अनेकांनी मुंबई पूर्वी पाहिलेलीही नसते. अशा रुग्णांसाठी टाटा स्मारक केंद्राने २०१९ साली 'केवट' नावाचा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी एक वर्षाचा अभ्यासक्रमही आखला. रामायणात प्रभू रामचंद्रांना गंगापार नेणाऱ्या नावाड्याचे हे नाव. पैलतीर कोठे आहे हे रुग्णाला ठाऊक असते. पाण्याची ओढ आणि खडक मात्र नावाडीच जाणतो. रोगनिदान, उपचार, निवास, अर्थसाहाय्य आणि पुढील तपासण्या या सर्व टप्प्यांवर हे प्रशिक्षित केवट रुग्णाला साथ देतात.

शासकीय योजनांतही या कल्पनेची बीजे आहेत. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांत 'आरोग्य मित्र' नेमलेले असतात. रुग्णाची ओळख पटविणे, योजनेखाली उपचारांची मंजुरी मिळविण्यास साहाय्य करणे आणि शंकांचे निरसन करणे हे त्यांचे काम. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ही योजना, उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता, ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना खुली करण्यात आली. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड दिले जाते. कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळण्याची तीत तरतूद आहे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. दरमहा लागणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा खर्च तीतून निघत नाही. त्या गोळ्यांसाठी शासकीय आरोग्य केंद्र अथवा जनौषधी केंद्र यांचा आधार घ्यावा. तसेच बोटांचे ठसे जुळत नसतील तर आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक, डोळ्यांची बुबुळे वा चेहरा यांवरून ओळख पटविण्याची सोय असते. ठसा जुळला नाही म्हणून वृद्धाने रिकाम्या हाताने परतण्याचे कारण नाही. योजनेची माहिती १४५५५ या क्रमांकावर मिळते.

कायद्याचेही पाठबळ आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या अधिनियमाच्या विसाव्या कलमात, शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्यतोवर खाटा उपलब्ध करून देणे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र रांगा ठेवणे यांची तरतूद आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून राबविला जात आहे. ज्येष्ठांना माहिती व मार्गदर्शन देण्यासाठी 'एल्डरलाइन' ही १४५६७ क्रमांकाची विनामूल्य सेवाही आहे. सोयी अनेक आहेत; परंतु सत्तरीतील आजीला यांपैकी एकही क्रमांक ठाऊक नसेल, तर त्या असून नसल्यासारख्याच.

स्वयंसेवकांच्या बळावर काय साधते, हे केरळने दाखविले आहे. तेथे मलप्पुरम जिल्ह्यात २००१ मध्ये शेजारपाजारच्या लोकांनी दीर्घ आजारी व मरणोन्मुख रुग्णांच्या शुश्रूषेसाठी एक जाळे विणले. थोडे प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक आठवड्यातील काही तास देऊन घरोघरी जात आणि डॉक्टर व परिचारिका त्यांच्या पाठीशी उभे राहत. २००८ मध्ये केरळ शासनाने या विषयाचे धोरणच जाहीर केले.

वाटाड्याने काय करावे, काय करू नये

या अनुभवांतून वाटाड्याच्या कामाची रूपरेषा आखता येते. तिचे तीन भाग पडतात.

पहिला भाग रुग्णालयात जाण्यापूर्वीचा. जुने केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, आधार व योजनेचे कार्ड एकाच पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. घरात असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक असोत वा दुकानातून आपणच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या असोत, बरोबर न्यावीत. तपासणी उपाशीपोटी आहे काय, बाह्यरुग्ण विभागाचा वार कोणता, परतीची बस केव्हा, हे आधी विचारून घ्यावे. डॉक्टरांना विचारावयाचे दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

दुसरा भाग रुग्णालयातील. येथे वाटाड्याचे कान आणि डोळे रुग्णाच्या कामी यावेत. परंतु त्याची जीभ रुग्णाच्या जागी चालू नये. डॉक्टर सोबतच्या माणसाशीच बोलू लागले, तर संभाषण नम्रपणे रुग्णाकडे वळवावे. शेवटी डॉक्टरांनी काय सांगितले ते रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावे. जे सांगता येत नाही ते कळलेले नाही असे समजून तेथेच पुन्हा विचारावे.

तिसरा भाग घरी परतल्यानंतरचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या दोन-तीन दिवसांत घरी जाऊन जुनी व नवी औषधे एकत्र मांडावीत, एकाच औषधाची दोन नावे दिसल्यास डॉक्टरांना किंवा औषधनिर्मात्याला विचारावे, आणि सकाळ, दुपार व रात्र असे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे. धोक्याची लक्षणे समजावून द्यावीत. उदाहरणार्थ, हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले वा पायांवर सूज चढली, तर शरीरात पाणी साचत असल्याची ती खूण असते. धाप लागेपर्यंत वाट न पाहता आरोग्य केंद्रात कळवावे. पुढील तपासणीचा दिवस घरातील दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा आणि आदल्या दिवशी आठवण द्यावी.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट असाव्यात. वाटाड्याने औषध सुचवू नये, बदलू नये व बंद करू नये. रुग्णाची प्रकृती ही त्याची खासगी बाब आहे. ती गावच्या चव्हाट्यावर बोलू नये. रुग्णाचे पैसे, बँकेचे कार्ड वा सांकेतिक क्रमांक आपल्या ताब्यात ठेवू नये. विशिष्ट डॉक्टर, दुकान किंवा प्रयोगशाळा यांच्याकडे नेण्याबद्दल कोणाकडूनही लाभ घेऊ नये. शहाण्या, सावध वृद्धाच्या उपचारांचा निर्णय त्याच्या अपरोक्ष घेण्याचा अधिकार वाटाड्याला नाही आणि मुलांनाही नाही.

गावाने उचलावयाचा भार

हे काम कोणी करावे? जेथे आशा स्वयंसेविका आहेत तेथे त्या, अन्यत्र उपकेंद्रातील परिचारिका व आरोग्य सेवक हे याचा कणा होऊ शकतात. परंतु त्यांच्यावर आधीच अनेक कामांचा भार आहे. निवृत्त शिक्षक, महिला मंडळाच्या सदस्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी त्यांच्या हाताशी आले तर तो हलका होईल. पंचायतीने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी त्यांच्या संमतीने तयार करावी आणि प्रत्येकासाठी एक नाव निश्चित करावे. 'सर्वांनी लक्ष ठेवावे' असे ठरले की कोणीच लक्ष ठेवीत नाही; 'अमक्या आजीसाठी अमकी व्यक्ती' असे ठरले म्हणजे काम होते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना घरातील आजी-आजोबांच्या औषधांचे वेळापत्रक लिहावयास लावले, तर भाषेचा आणि आरोग्याचा धडा एकाच वेळी होईल. अधिकाऱ्यांनी वृद्धांच्या तपासण्या शक्यतो एकाच दिवशी योजाव्यात, दिशादर्शक फलक मोठ्या व सुबोध अक्षरांत लावावेत आणि मोठ्या रुग्णालयातून घरी गेलेल्या वृद्ध रुग्णाची वर्दी त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी मिळेल अशी व्यवस्था करावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवी इमारत लागत नाही.

आता आरंभीच्या आजीकडे पुन्हा वळू. चिठ्ठी मिळाल्यावर शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने ती वाचली असती, रुग्णालयात आधी विचारणा केली असती आणि 'उद्या चहा न घेता निघायचे' एवढे सांगितले असते, तर रक्ततपासणी पहिल्याच दिवशी झाली असती. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिनदर्शिकेवर लागली असती. आदल्या संध्याकाळी कोणी दाराशी येऊन आठवण दिली असती. हृदय दुर्बल झाल्याचे वेळीच कळून औषध सुरू झाले असते, आणि रुग्णवाहिकेची ती रात्र बहुधा आली नसती. या साऱ्यासाठी लागले असते ते एका माणसाचे काही तास आणि थोडी माहिती. देव्हाऱ्यामागे खोचलेल्या अशा चिठ्ठ्या आज किती घरांत असतील, याचा शोध प्रत्येक गावाने आपल्यापुरता घ्यावा. कामाचा आरंभ तेथूनच होतो.